कांस दरवर्षी साफ होते, तरी बेशरमाचं रान परत का माजतं? (आणि औषध मारण्याआधी काय बघायचं)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडोदऱ्यात सोसायटीच्या कंपाउंडमागून कांस, म्हणजे पावसाळी नाला, जाते, पुढे विश्वामित्री नदीला मिळते. दोन्ही काठांवर बेशरम आणि वेडी बाभूळ, पाण्यावर जलपर्णी. दर मे महिन्यात जेसीबी येतो, सगळं खरवडून जातो आणि दिवाळीपर्यंत परत जसंच्या तसं. आता मीटिंगमध्ये ठरलंय की वर्गणी काढायची आणि एकदाचं जालीम औषध, म्हणजे तणनाशक, मारून टाकायचं, तर कोणतं मारायचं आणि किती प्रमाणात.

औषधाबद्दल सांगतेच, पण लगेच नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि बरीच वर्षं वडोदऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत तलाव, कांसा, कोतरं (घळी) यांच्या काठावरचं बाहेरून आलेलं रान काढणं आणि तिथे इथलं गवत-झाडं लावणं हेच काम करतेय. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण ही झाडं मारायची कशी ही नाहीच आहे. मारतायत ना, दर मे मध्ये मारतायत. अडचण आहे ती परत येण्याची. आणि ती परत का येतात हे नीट न बघता औषध मारलंत तर पुढच्या दिवाळीला तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल, फक्त वर्गणी खर्च झालेली असेल.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून सांगता येणार नाहीत. काठ किती उभा आहे, माती भुसभुशीत पिवळी आहे की काळी चिकट, वरच्या बाजूला काय आहे, ती जमीन कागदोपत्री कुणाची आहे, आणि तिथे मगर येते का. शेवटच्या दोन गोष्टींनी तर सगळं बदलतं. पण तुम्ही दिलेली एक माहिती फार महत्त्वाची आहे, की पाणी बारा महिने असतं, काळं असतं आणि वास मारतो. आपल्याकडच्या या कांसा म्हणजे पावसाचं पाणी वाहून न्यायच्या वाटा. भूखी, मसिया, रूपारेल, कुठलीही घ्या, फेब्रुवारी-मार्चनंतर ती जवळजवळ कोरडी दिसायला हवी. तुमच्या कांसेत एप्रिलमध्ये पाणी असेल तर ते सांडपाणी आहे, दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बेशरमापासून सुरुवात करू, कारण तुमच्याकडे सगळ्यात जास्त तोच दिसतोय. गुजराती शेजारी त्याला नफ्फटिया म्हणतील. गुलाबी-जांभळी भोंग्यासारखी फुलं, पोकळ काडी, तोडली की पांढरा चीक. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, आपल्याकडे शोभेसाठी आणि कुंपणासाठी लावलं गेलं. जनावर तोंड लावत नाही म्हणून शेतकऱ्यांनी हौसेने बांधावर लावलं आणि तेच त्याचं बळ ठरलं. ते विषारी आहे, त्यातल्या विषाने शेळ्यामेंढ्या थरथरायला लागतात, तोल जातो, म्हणजे चरून कमी होण्याचा प्रश्नच मिटला. त्यात ते बियांपेक्षा काडीने जास्त पसरतं. काडीवर जिथे जिथे पान फुटतं त्या प्रत्येक पेरापासून मूळ धरू शकतं, फक्त ओली माती मिळाली पाहिजे. आता जेसीबी काय करतो बघा. बादलीने झुडूप ओरबाडतो, त्यात काड्यांचे वीतवीत, हातहात लांबीचे शेकडो तुकडे होतात, ते चिखलासकट काठावरच ढीग करून ठेवतो, आणि ढीग उचलायचा राहतो कारण ट्रॅक्टरचे पैसे ठेक्यात धरलेले नसतात किंवा तोवर पाऊस येतो. जूनच्या शेवटी पाणी चढलं की तो ढीग तुकड्यातुकड्याने वाहायला लागतो आणि जिथे जिथे वळण आहे, गाळ साठतो, तिथे तिथे एकेक काडी रुजते. म्हणजे मे मधली सफाई ही जुलैमधली लागवड असते, आणि तीही तुमच्यापुरती नाही, खाली विश्वामित्रीपर्यंत आणि तिथून पुढे ढाढर नदीपर्यंत. हे मी वाईट बोलायचं म्हणून बोलत नाहीये, जेसीबीचा ड्रायव्हर त्याला सांगितलेलं काम करतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की या एका झुडपाचा तुकडा पाण्यात पडू द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट मातीतल्या बियांची. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, गाईम्हशी आवडीने खातात, आतलं बी टणक असल्यामुळे पोटातून तसंच बाहेर पडतं आणि शेणात उत्तम रुजतं. जलपर्णीचं तर बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. ते पाण्याखाली खोल गाडलेलं असतं तोवर गप्प असतं, पण पाणी खाली गेलं, चिखल उघडा पडला, ऊन लागलं की उगवतं. म्हणजे उन्हाळ्यात गाळ काढला, तळ उघडा ठेवला, आणि मग पहिल्या पावसाचं पाणी आलं, की जुनं बी जागं होतं. गाळ काढू नका असं नाही म्हणत मी. पुराच्या दृष्टीने तो काढावाच लागतो, २०२४ च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यातल्या काळाघोडा पुलाजवळ विश्वामित्रीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं आणि धोक्याची पातळी आहे २६ फूट, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना 'गाळ असू दे' असं कोण सांगेल. पण गाळ काढल्यावर उघड्या पडलेल्या मातीवर पहिल्या वर्षी कोण बसणार हे आपण ठरवलं नाही तर ही परदेशी मंडळी ठरवतात. २०२५ च्या उन्हाळ्यात शहराच्या हद्दीत विश्वामित्रीचं रुंदीकरण-खोलीकरण झालं, तेव्हा नदीलाही हेच लागू आहे, काठाच्या उघड्या मातीवर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत काय उगवतं त्याच्यावर पुढची वीस वर्षं ठरतात.

तिसरी गोष्ट सांडपाणी, आणि जलपर्णीचं सगळं गणित इथे आहे. जलपर्णी ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फुलं सुंदर म्हणून बंगालमध्ये आणली गेली. तिला उबदार, संथ आणि नायट्रोजन-फॉस्फरसने भरलेलं पाणी मिळालं की ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपल्या संडास-बाथरूमचं आणि कपड्याच्या साबणाचं पाणी म्हणजे तिच्यासाठी तयार खत. कोरड्या पडणाऱ्या कांसेत जलपर्णी टिकूच शकत नाही, उन्हाळ्यात आपोआप वाळते, तिला कोणी काढावं लागत नाही. म्हणून तुमच्या पाण्यावरची जलपर्णी हे मुळात झाडाचं दुखणं नसून वरच्या बाजूला कुणाचं तरी ड्रेनेज पावसाच्या लाइनमध्ये जोडलं गेलंय त्याचं लक्षण आहे. ती जोडणी तोडणं तुमच्या हातात नाही, पण शोधणं आहे.

म्हणजे आत्तापर्यंत एवढं झालं: वरून तुकडे आणि बिया येतात, मातीत जुनं बी पडलेलं आहे, आणि दर मे मध्ये आपण त्यांना उघडी माती, भरपूर ऊन आणि वर खताचं पाणी असं सगळं तयार करून देतो. आता औषधाकडे येऊ.

दुकानात गेलात तर दोनच नावं पुढे येतील, ग्लायफोसेट आणि टू-फोर-डी. ग्लायफोसेटबद्दल पहिली गोष्ट म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असं बंधन आणलं, सोसायटीच्या माळ्याने पाठीवर पंप घेऊन मारायचं नाही. दुसरी गोष्ट, नेहमीच्या ग्लायफोसेटमध्ये ते पानाला चिकटावं म्हणून जो साबणासारखा पदार्थ घातलेला असतो तो बेडकांना आणि माशांना घातक आहे, म्हणजे डासांच्या अळ्या खाणारेच आधी मरतात. आणि तिसरी गोष्ट, ग्लायफोसेट चांगलं-वाईट बघत नाही, बेशरमाबरोबर काठ धरून ठेवणारं सगळं गवत जाळतं, मग पहिल्या मोठ्या पावसात काठ खचतो. टू-फोर-डीचं वेगळं आहे, ते रुंद पानांवर चालतं, जलपर्णी मरते हे खरं, पण मेलेली जलपर्णी जाते कुठे? तिथेच बुडते, सडते, पाण्यातला प्राणवायू संपवते, वास दुप्पट होतो, आणि तिच्यातलं खत परत पाण्यात मिसळून पुढच्या पिकाला मिळतं. शिवाय हे औषध वाऱ्यावर उडालं तर जवळच्या कापसाला, टोमॅटोला फार लागतं, पानं वेडीवाकडी होतात. तुमच्या कांसेपलीकडे शेत आहे असं लिहिलंय तुम्ही, तेव्हा हा भांडणाचा विषय होईल. मी स्वतः वाहत्या पाण्याच्या काठावर फवारा मारत नाही आणि कुणाला मारा असं सांगत नाही. औषध कधीच नको असं माझं म्हणणं नाही, पाण्यापासून लांब असलेल्या जागी तोडलेल्या बुंध्यावर ब्रशने लावणं आणि ते जाणकाराने करणं हा वेगळा विषय आहे, पण ओल्या काठावर पंप घेऊन फिरणं नको.

मगरीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण वडोदऱ्यात कुणीही काठ साफ करायला निघालं की हे आधी बोलायला पाहिजे आणि बहुतेक वेळा ते बोललं जात नाही. विश्वामित्रीत भर शहरात शेकडो मगरी राहतात आणि पावसाळ्यात त्या कांसांमधून वर येतात, २०२४ च्या पुरात रस्त्यांवर-अंगणांत दिसल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. या मगरी काठाच्या मातीत बिळं करतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला काठावर खड्डा करून अंडी घालतात, पिल्लं साधारण मे ते जुलैमध्ये बाहेर येतात. म्हणजे आपला जेसीबीचा सीझन आणि त्यांचा अंड्यांचा सीझन एकच. वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने, तिचं घरटं उकरलं तर तो साधा गुन्हा नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अंडी राखत बसलेल्या मादीजवळ सोसायटीची मुलं कोयते घेऊन गेली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून काम सुरू करण्याआधी वनखात्याला कळवा, त्यांच्या माणसाबरोबर किंवा शहरात मगरी पकडायचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या माणसाबरोबर काठ बघून घ्या, आणि पाण्याच्या कडेपासून आतलं काम स्वयंसेवकांनी करायचंच नाही, ते सोडून द्या. श्रमदानाचा उत्साह मला फार आवडतो, पण तो वरच्या सपाट पट्ट्यावर वापरा, तिथेही भरपूर काम आहे.

वेडी बाभूळ. गुजरातीत गांडो बावळ. हिच्याबद्दल लोक फार टोकाचं बोलतात, सगळी उपटून टाका असं. गुजरातमध्ये तिची गोष्ट मोठी आहे, कच्छच्या बन्नीत १९६१ च्या सुमाराला वनखात्याने रणाचं मीठ पुढे सरकू नये म्हणून हजारो हेक्टरवर लावली आणि पुढे तिने ते गवताळ रानच व्यापलं. आपल्या कोतरांमध्येही तिच्याखाली गवताची काडी नसते. तरीसुद्धा माझं म्हणणं असं की उभ्या उतारावरची वेडी बाभूळ एकदम उपटू नका. तिची मुळं खोल जातात, आज तोच काठ ती धरून बसलीय, तुम्ही मे मध्ये मुळासकट काढलीत तर जुलैमध्ये काठ तुमच्या कंपाउंडच्या भिंतीसकट खाली येईल. शिवाय तुमच्या पलीकडच्या वस्तीतल्या बायका त्याच लाकडावर चूल पेटवतात, त्यांच्याशी न बोलता एका दिवसात सगळं तोडणं मला पटत नाही. त्यांना विचारून, त्यांनाच तोडणीचं लाकूड देऊन काम केलं तर ते जास्त काळ टिकतं, कारण लक्ष ठेवायला तिथे रोज माणूस असतो.

मग करायचं काय. वरच्या सपाट भागावर जी आहे ती पूर्ण काढा, पण जमिनीलगत कापून नाही. ती कापली की बुंध्यातून दहा धुमारे फुटतात आणि आधी एक खोड होतं तिथे काटेरी झुडूप होतं. जमिनीखाली साधारण फूटभर खणायचं, खोड आणि मूळ जिथे मिळतं तो जाड गड्डा दिसतो, त्याच्या खालून तोडायचं, कारण फुटायचे डोळे सगळे त्या वरच्या भागात असतात. खाली राहिलेलं मूळ सहसा फुटत नाही. शेंगा पिकून पडायच्या आधी हे करायचं. उतारावरची मात्र मुळं हलवायची नाहीत, तिथे फांद्या छाटून ऊन आत येऊ द्यायचं, मध्ये मध्ये करंज, निर्गुडी लावायची आणि वर्षातून दोनदा बाभळीचे धुमारे छाटत राहायचं. तीन-चार वर्षांत वरची सावली दाट झाली की ती आपोआप मागे पडते, कारण वेड्या बाभळीच्या रोपांना सावली सोसत नाही. बेशरमालाही दाट सावलीत जोर धरता येत नाही आणि गाजर गवताचंही तेच. सावली हेच आपलं खरं औषध आहे.

बेशरम काढायची पद्धत साधी आहे पण चिकाटीची. हाताने, कुदळीने, मुळासकट, नोव्हेंबर ते जानेवारीत, पाणी खाली गेलेलं असतं आणि माती अजून ओलसर असते तेव्हा. हातात मोजे घाला, चीक डोळ्याला लागू देऊ नका. काढलेली काडी जमिनीवर ठेवायची नाही, पाण्यापासून लांब, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पसरायची आणि वाकवली की कट्कन तुटेल इतकी वाळेपर्यंत तिथेच ठेवायची. हिरवी काडी कचऱ्याच्या गाडीतून दुसऱ्या वॉर्डात गेली तर तिथे रुजेल. वाळलेली जाळू नका, शहरात जाळण्यावर बंदी आहेच आणि धूरही वाईट, वाळली की तिचा चुरा खताच्या खड्ड्यात जाऊ शकतो. आणि पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी परत फेरी मारायची, कोवळे फुटवे तेव्हा हाताने उपटून येतात. ही पावसाळ्यातली फेरी सगळे विसरतात, खरं तर मोठ्या सफाईपेक्षा ती महत्त्वाची आहे.

जलपर्णी काढायची असेल तर बांबू आणि जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या-कॅन बांधून आडवा तरंगता अडसर करतात, वरून येणारी तिथे अडकते आणि एका जागेवरून काढता येते. पण तिच्यात नव्वद-पंच्याण्णव टक्के पाणीच असतं, म्हणजे तुम्ही मुख्यतः पाणी उचलताय, मजुरी त्याची जाते. काठावर दोन दिवस निथळू द्या आणि मग उचला, फक्त परत पाण्यात सरकणार नाही एवढं बघा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो अडसर काढून घ्या, नाहीतर पुराचं पाणी तिथेच तुंबेल. तिचं खत करायची कल्पना चांगली आहे पण तुमच्या कांसेत कुठल्या वर्कशॉपचं किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर ते खत भाजीपाल्याला घालू नका, जलपर्णी शिसं, कॅडमियम असले जड धातू शोषून घेते. शोभेच्या झाडांना चालेल.

कुणीतरी तुम्हाला किड्यांबद्दल सांगेल, जलपर्णी खाणारे भुंगे. ते खरं आहे, निओकेटिना जातीचे भुंगे भारतात १९८० च्या दशकात बंगळुरूला आणून सोडले, मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांनी चांगलं काम केलं. पण त्यांना वेळ लागतो, दोन-चार वर्षं, आणि स्थिर मोठं पाणी लागतं. तुमच्यासारख्या सांडपाण्याच्या कांसेत जलपर्णी इतक्या वेगाने वाढते की भुंगे मागे पडतात, आणि दर मे मध्ये आपण जलपर्णीबरोबर त्यांनाही उचलून फेकतो. तलावासाठी जबलपूरच्या खरपतवार अनुसंधान निदेशालयाकडे चौकशी करण्यात अर्थ आहे, तुमच्या कांसेसाठी नाही.

गाजर गवत फुलायच्या आधी उपटा, फुलल्यावर नाही, त्याच्या परागांनी दमा आणि अंगावर खाज वाढते आणि एकेका झाडाला हजारो बिया. त्याच्या जागी टाकळा आपोआप आला तर येऊ द्या, तो गाजर गवताला दाबतो. घाणेरी थोडीच आहे म्हणताय, ती वरच्या पट्ट्यावरच असते, मुळासकट काढा, झालं.

आणि आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला उंच, तपकिरी कणसांची झाडी आहे ना, तीही काढायचीय असं तुम्ही लिहिलंय. ते पाणकणीस आहे, आपलंच आहे, घाण पाणी थोडंफार गाळतं आणि पाणकोंबड्या त्यात घरटी करतात. पाण्याची वाट पूर्ण अडवत असेल तर मधला पट्टा कापा, कडेचं ठेवा. लव्हाळा ठेवा. करंजाची रोपं आपोआप आलीत ती ठेवा. काठावर उंबराचं पोर दिसलं तर त्याला काठी लावून निशाण करा, नाहीतर साफ करणारा माणूस हिरवं दिसलं की कोयता मारतो. 'साफ' म्हणजे उघडी माती, ही समजूत आपल्या डोक्यातून गेली पाहिजे, कारण उघडी माती हेच या सगळ्यांचं आमंत्रण आहे.

लावायचं काय, तर तीन थरांत विचार करा. पाण्याची मुख्य वाट मोकळीच ठेवायची, तिथे एकही झाड लावायचं नाही, पुराच्या वेळी ते पाणी अडवेल. उताराच्या मधल्या भागात गवत आणि झुडपं, त्यात वाळा सगळ्यात भरवशाचा, त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. ठोंब दहा-पंधरा सेंटिमीटरवर, उताराला आडव्या ओळीत, आणि दोन ओळींमध्ये उभं अंतर साधारण एक मीटर. दक्षिणेकडचा वाळा घ्या, तो बियांनी पसरत नाही. निर्गुडी काडीने लागते आणि गाई तिला तोंड लावत नाहीत, तुमच्याकडे मोकळी गुरं फिरतात तेव्हा हे महत्त्वाचं. हरळी आणि मारवेल मध्ये मध्ये येऊ द्या. आणि वरच्या कडेला मोठी झाडं, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, ओलसर जागा असेल तर वाळुंज. गुलमोहर, सुबाभूळ नको, सुबाभूळ स्वतःच पुढची वेडी बाभूळ आहे आणि नर्सरीत अजून स्वस्तात मिळते म्हणून लोक घेतात.

एकदम अख्खी कांस हातात घेऊ नका. तुमच्या कंपाउंडमागचा तीस-चाळीस मीटरचा तुकडा घ्या, आणि शक्य असेल तर तो तुमच्या हद्दीच्या वरच्या टोकापासून सुरू करा, म्हणजे वरून येणारं काय आहे ते कळेल आणि खालचं काम परत परत बिघडणार नाही. हिवाळ्यात काढायचं, वाळ्याची आणि झाडांची लावणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालायला एक माणूस ठरवून ठेवायचा. वर्गणी काढलीच आहे तर ती औषधावर न घालता या माणसाच्या पगारावर घाला, असं मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगेन. लावणी सगळे करतात, फोटोही निघतात, पण मार्चमधलं पाणी आणि जुलैमधली फुटवे उपटायची फेरी यावर सगळं अवलंबून असतं.

या महिन्यात मात्र रोपांचा विचार नको. रस्त्यावरून किंवा पुलांवरून, पाण्यात न उतरता, कांसेच्या वरच्या बाजूला चालत जा आणि कुठल्या पाइपातून काळं पाणी येतंय ते बघून फोटो काढा, सकाळी सात-आठला जा, तेव्हा घराघरांतलं पाणी वाहत असतं आणि लगेच कळतं. मग वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, त्यात तीन गोष्टी लिहा: ही ड्रेनेजची जोडणी तपासावी, यंदाच्या सफाईत जेसीबीने फक्त पाण्याची वाट मोकळी करावी आणि उताराला हात लावू नये, आणि काढलेला ढीग त्याच दिवशी ट्रॅक्टरने उचलावा, काठावर ठेवू नये. जमीन कुणाच्या नावावर आहे तेही त्याच अर्जात विचारून घ्या, कारण परवानगी कुणाची लागेल ते त्यावरून ठरेल. वनखात्याला त्याची प्रत द्या, म्हणजे मगरीचा विषय आपोआप त्यांच्या टेबलावर जाईल. अर्जावर पलीकडच्या वस्तीतल्या लोकांच्याही सह्या घ्या. उत्तर काय येतं ते इथे लिहा, आणि उताराचे दोन-चार फोटो कडेला माणूस उभा करून टाका म्हणजे चढाव किती आहे ते समजेल, मग वाळ्याच्या ओळी किती लागतील ते सांगते.